वाचलेल्या मातांचा हिशेब कोण ठेवणार?

मातामृत्यू कमी होत आहेत, ही समाधानाची बाब आहे. मात्र अडलेल्या बाळंतपणातून जिवंत परतलेल्या, पण कायमची इजा सोबत घेऊन गेलेल्या स्त्रिया आपल्या आरोग्यधोरणाच्या आकडेवारीत कुठेच दिसत नाहीत.

भारताच्या सार्वजनिक आरोग्यातील प्रगतीचा विषय निघाला की दोन आकडे हमखास पुढे केले जातात. पहिला मातामृत्यूचा. नमुना नोंदणी पद्धतीच्या अहवालांनुसार २०१४-१६ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या; २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ वर आले. दुसरा आकडा संस्थात्मक प्रसूतींचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६ मधील तिसऱ्या फेरीत दवाखान्यात वा आरोग्य केंद्रात झालेल्या बाळंतपणांचे प्रमाण ३८.७ टक्के होते. २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत ते ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. दीड दशकात एवढा पल्ला गाठणे ही साधी गोष्ट नव्हे. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आणि गावोगावच्या आशा कार्यकर्त्या या साऱ्यांचे त्यात श्रेय आहे आणि ते मोकळेपणाने द्यायला हवे.

या दोन्ही आकड्यांना एक मर्यादा मात्र आहे. पहिला आकडा मरण पावलेल्या स्त्रियांची मोजदाद करतो, दुसरा दवाखान्याच्या दारातून आत गेलेल्यांची. जी बाळंतपणातून वाचली, पण धडधाकट राहिली नाही, तिच्यासाठी दोन्हींत जागा नाही. मृत्यूचे कारण शोधण्यासाठी जिल्हा पातळीवर समित्या बसतात. मरणाच्या दारातून परतलेल्या मातांच्या प्रकरणांचा आढावा घेण्याबाबत २०१४ साली केंद्राने मार्गदर्शक सूचनाही काढल्या. परंतु जिच्या जिवाला तत्काळ धोका नव्हता, जी आठवड्याभरात घरी गेली आणि घरी गेल्यावर जिची लघवी अखंड गळू लागली, ती स्त्री या सर्व चाळण्यांतून सहज निसटते. प्रसूतिकाळातील इजांचा प्रश्न गरीब देशांत दीर्घकाळ टिकून राहण्याचे एक मोठे कारण हे अदृश्यपण आहे. भारतही त्याला अपवाद नाही.

जखम कशी होते?

या इजांमधील सर्वांत गंभीर इजा म्हणजे प्रसूतिजन्य फिस्टुला. मराठीत भगंदर म्हणून जो विकार ओळखला जातो, त्याहून ही गोष्ट निराळी आहे. बाळाचे डोके मोठे असते किंवा आईचा कटीर, म्हणजे ज्यातून बाळाला वाट काढायची तो हाडांचा सांगाडा, अरुंद असतो. कधी बाळ आडवे असते. अशा वेळी बाळंतपण अडते. कळा येत राहतात, बाळ पुढे सरकत नाही. एक दिवस जातो, दुसरा उजाडतो. या सगळ्या काळात बाळाचे डोके आणि आईच्या कटीराचे हाड यांच्यामध्ये मूत्राशय व योनिमार्गाच्या मऊ पेशी दाबलेल्या असतात. त्यांचा रक्तपुरवठा थांबतो आणि त्या मृत होतात. काही दिवसांनी हा मृत भाग गळून पडतो व मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यात भोक पडते. क्वचित ते गुदमार्गाच्या बाजूलाही पडते. तेव्हापासून त्या स्त्रीची लघवी, काही वेळा विष्ठाही, तिच्या ताब्यात राहत नाही.

अशा दहा बाळंतपणांपैकी जवळपास नऊंमध्ये मूल मृत जन्मते. मूल गमावल्याच्या दुःखात असतानाच त्या बाईच्या लक्षात येते की अंथरूण पुन्हा ओले झाले आहे. कित्येकींच्या पायाच्या नसाही दबलेल्या असतात, त्यामुळे पाऊल उचलता येत नाही. कातडीवर व्रण होतात. वास येतो म्हणून ती पाणी कमी पिते, त्यामुळे लघवी अधिक दाहक होते आणि मुतखड्याचा धोका वाढतो. स्वयंपाकघर, देवघर, लग्नकार्य, बसचा प्रवास, मजुरीचे काम अशा एकेका जागेवरून ती मागे सरते. काहींचे नवरे त्यांना सोडून देतात. काहींचे निष्ठेने सोबत राहतात, दवाखान्यांचे उंबरठे झिजवतात आणि ‘यावर इलाज नाही’ असे ऐकून परत येतात. या दुसऱ्या गटाची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. धोरणाच्या दृष्टीने मात्र ती अधिक महत्त्वाची आहे. घर सोबत असूनही बाई बरी होत नाही, तेव्हा दोष घराबाहेर शोधावा लागतो.

फिस्टुलाशिवाय इतरही इजा आहेत. गर्भाशय खाली सरकणे, ज्याला आपल्याकडे बायका ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. योनिमार्गापासून गुदद्वारापर्यंत गेलेली आणि नीट न शिवलेली चीर. प्रसूतीनंतर राहून गेलेला जंतुसंसर्ग. या इजांनी मरण येत नाही, पण ओझे उचलता येत नाही, धड बसता येत नाही, आणि ज्यांचे पोट अंगमेहनतीवर आहे त्यांची मजुरी बुडते.

अलाबामा ते अदिस अबाबा

श्रीमंत देशांत ही जखम जवळजवळ नाहीशी झाली, त्याचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. १८४५ ते १८४९ या काळात अमेरिकेतील अलाबामा राज्यात मॅरियन सिम्स या डॉक्टराने फिस्टुलावरील शस्त्रक्रिया विकसित केली. ज्यांच्यावर त्याने प्रयोग केले त्या गुलाम कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. त्यांतील अनार्का, बेट्सी आणि लुसी ही तीन नावे इतिहासात उरली आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. ईथरने भूल देण्याचे जाहीर प्रात्यक्षिक १८४६ सालीच बोस्टनमध्ये झाले होते, तरी या स्त्रियांना भूल दिली गेली नाही. त्यांच्या संमतीचा तर प्रश्नच नव्हता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्सचा पुतळा २०१८ साली हटवण्यात आला, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती.

सिम्सने पुढे १८५५ साली न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांचे रुग्णालय सुरू केले. त्याच्या टाक्यांनी अनेकींच्या जखमा बंद झाल्या. परंतु युरोप-अमेरिकेतून फिस्टुला हद्दपार झाला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि तो टाक्यांमुळे झाला नाही. मुलींचे पोषण सुधारले, प्रशिक्षित सुईणी घरोघरी पोहोचल्या, सिझेरियन सुरक्षित झाले आणि अडलेल्या बाईला वेळेत रुग्णालयात नेणारे रस्ते व वाहने आली, त्यामुळे जखम होणेच थांबले. उपचार आणि प्रतिबंध यांचे नाते समजून घेण्यासाठी हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

हाच धडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथिओपियाने नव्याने दिला. रेजिनाल्ड आणि कॅथरीन हॅमलिन हे स्त्रीरोगतज्ज्ञ दाम्पत्य १९५९ साली तीन वर्षांच्या करारावर अदिस अबाबा येथे आले, ते सुईणींचे प्रशिक्षण सुरू करण्यासाठी. तेथे दूरदूरच्या डोंगराळ भागांतून चालत आलेल्या फिस्टुलाग्रस्त स्त्रिया त्यांनी पाहिल्या आणि ते तेथेच राहिले. १९७४ साली त्यांनी केवळ या एका इजेसाठी रुग्णालय उभारले. रेजिनाल्ड १९९३ साली गेले. कॅथरीन २०२० साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, अदिस अबाबातच निवर्तल्या. तोवर या रुग्णालयाने आणि त्याच्या प्रादेशिक केंद्रांनी साठ हजारांहून अधिक स्त्रियांवर उपचार केले होते. मामितू गाशे ही त्यांची एक सुरुवातीची रुग्ण. शालेय शिक्षण नसलेली ही तरुणी बरी झाल्यावर रुग्णालयातच राहिली, शस्त्रक्रियागृहात मदत करता करता शिकत गेली आणि पुढे स्वतः फिस्टुलाची शस्त्रक्रिया करणारी ख्यातनाम शल्यविशारद झाली.

या कहाणीचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. तीन दशके टाके घातल्यावरही रुग्णांची रांग संपत नाही, हे ध्यानात घेऊन २००७ साली या संस्थेने सुईणींचे महाविद्यालय काढले. ग्रामीण भागातील मुली निवडायच्या, त्यांना चार वर्षांचे पदवी शिक्षण द्यायचे आणि त्यांच्याच प्रदेशात परत पाठवायचे, अशी त्याची रचना आहे. सरकारने याच काळात गावपातळीवर आरोग्य विस्तार कार्यकर्त्या नेमल्या. आरोग्य संस्थांत होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण तेथे २००५ साली अवघे ५ टक्के होते. २०१९ साली ते ४८ टक्के झाले. साठ वर्षांपूर्वी ज्या कामासाठी हॅमलिन दाम्पत्य आले होते, त्याच कामाकडे संस्था शस्त्रक्रियेच्या वाटेने परत आली, असे म्हणता येईल.

आपल्या शेजाऱ्यांनीही या प्रश्नाला नाव दिले आहे. बांगलादेशाने ढाका वैद्यकीय महाविद्यालयात फिस्टुलासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू केले, त्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण आखले आणि २०१० साली तीन हजार सुईणी तयार करण्याचे वचन संयुक्त राष्ट्रसंघात दिले. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली गर्भाशय सरकण्याचा विकार हा स्त्रियांच्या प्रजनन हक्काचा प्रश्न असल्याचे मान्य करून सरकारला उपाययोजनेचे आदेश दिले. दोन्ही देश भारताहून गरीब अवस्थेतून या वाटेवर निघाले होते.

संस्थेत प्रसूती म्हणजे सुरक्षित प्रसूती?

भारतात ८८.६ टक्के बाळंतपणे संस्थेत होत असतील, तर बाळंतपण अडून पडण्याचा प्रश्न सुटलाच, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथे थोडे खोलात जायला हवे.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधिकांनी १९९४ साली ‘तीन विलंबां’ची मांडणी केली. मदत घ्यायचे ठरवण्यात होणारा विलंब, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात होणारा विलंब, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात होणारा विलंब. जननी सुरक्षा योजनेच्या अनुदानाने पहिला विलंब कमी केला. ग्रामीण मातेला मागास राज्यांत मिळणारे १,४०० रुपये हा घरातल्या निर्णयावर परिणाम करणारा घटक ठरला. रुग्णवाहिकेने दुसरा विलंब घटवला. तिसरा मात्र पुष्कळ ठिकाणी जिथल्या तिथे आहे. अडलेल्या बाळंतपणात निर्णायक ठरतो तो हाच.

ग्रामीण आरोग्य सांख्यिकीच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यक विशेषज्ञांपैकी ७९.५ टक्के कमी होते. स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांची कमतरता ७४.२ टक्के होती. म्हणजे बाई ‘संस्थेत’ आली, पण जिथे आली तिथे सिझेरियन करणारे कोणी नाही. तिला पुढे पाठवले जाते. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून वैद्यकीय महाविद्यालयाला. प्रत्येक टप्प्यावर काही तास जातात, आणि कळा थांबत नाहीत. शेवटी ज्या रुग्णालयात मूल जन्मते, त्याच्या नोंदवहीत ती संस्थात्मक प्रसूती म्हणून चढते. आकडा खरा असतो. वाटेत गेलेले तास त्यात दिसत नाहीत.

बिहारचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तेथील सरकारी संस्थांमधील प्रसूतींपैकी फक्त ३.६ टक्के सिझेरियनने झाल्या, तर खासगी रुग्णालयांत हेच प्रमाण ३९.६ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या निवेदनानुसार लोकसंख्येच्या पातळीवर सिझेरियनचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांपर्यंत वाढताना माता व नवजातांचे मृत्यू घटतात. त्यापुढे वाढल्याने मृत्यू कमी होत असल्याचे दिसत नाही. या निकषावर बिहारातील गरीब स्त्रीला हवे तेव्हाही सिझेरियन मिळत नाही आणि पैसे मोजू शकणारीला नको असतानाही ते करावे लागते, असा निष्कर्ष निघतो. मध्यम सरासरी काढली की दोन्ही अन्याय एकमेकांत मिसळून दिसेनासे होतात. मातामृत्यूच्या बाबतीतही हेच होते. राष्ट्रीय सरासरी ९७ असताना २०१८-२० मध्ये केरळात हे प्रमाण १९, तर आसामात १९५ होते.

प्रतिबंधाची सुरुवात याहूनही मागे जाते. ज्या मुलीची वाढ बालपणीच खुंटली, तिचा कटीर पुरेसा रुंद होत नाही. वाढ पूर्ण होण्याआधीच ती गरोदर राहिली, तर धोका आणखी वाढतो. पाचव्या सर्वेक्षणात २० ते २४ वयोगटातील २३.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. पश्चिम बंगालमध्ये हे प्रमाण ४१.६ टक्के आणि बिहारमध्ये ४०.८ टक्के होते. पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. आज खुंटलेली मुलगी पंधरा-वीस वर्षांनी प्रसूतिगृहात येणार आहे. अंगणवाडीतील पोषण आहार हा प्रसूतिशास्त्राचाही विषय आहे, तो असा.

जखमेचे नवे रूप

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शस्त्रक्रिया वाढल्या तशा शस्त्रक्रियांतून होणाऱ्या इजाही वाढल्या. सिझेरियन करताना किंवा गर्भाशय काढताना मूत्राशयाला वा मूत्रवाहिनीला इजा झाली आणि ती त्याच वेळी लक्षात आली नाही, तर परिणाम तोच होतो. आपल्या मोठ्या रुग्णालयांत फिस्टुलाच्या दुरुस्तीसाठी येणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हा त्रास सुरू झालेल्यांचा वाटा लक्षणीय असतो. प्रसूती लवकर व्हावी म्हणून पोटावर जोराने दाब देणे, कळा वाढवण्याची इंजेक्शने देखरेखीविना देणे, हे प्रकारही इजांना निमंत्रण देतात.

गर्भाशय काढण्याचा प्रश्न बाळंतपणाच्या इजांशी दुसऱ्या बाजूनेही जोडलेला आहे. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या स्त्रीला ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणे, आधाराची साधी कडी बसवणे, गरज पडल्यास गर्भाशय न काढता दुरुस्ती करणे, असे पर्याय असतात. ते सांगायला कोणी नसते, आणि ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सहज मिळतो. पाचव्या सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील ३.३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. आंध्र प्रदेशात हे प्रमाण ८.७ टक्के होते. बिहार, राजस्थान आणि छत्तीसगडमधील अनावश्यक शस्त्रक्रियांविषयी दाखल झालेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला आणि केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्यास राज्यांना सांगितले. बाळंतपणातील दुर्लक्षित इजा, त्यावर चुकीचा इलाज आणि त्या इलाजातून नवी इजा, अशी ही साखळी आहे. ती तोडायची तर पहिली इजा वेळीच ओळखली गेली पाहिजे.

मोजले तरच दिसेल

जगात फिस्टुलाग्रस्त स्त्रिया किती, याविषयी बराच काळ वीस लाख हा अंदाज वापरला जात होता. अलीकडे संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी पाच लाखांचा अंदाज देतो. दोन्हींत चौपट अंतर आहे. त्यातील किती अंतर उपचारांमुळे कमी झाले आणि किती मोजणीच्या पद्धतीमुळे, हे सांगता येऊ नये, इतकी ही मोजणी कच्ची आहे. भारताच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या ज्या तथ्यपत्रिकेचे दाखले मंत्री आणि अधिकारी देतात, तिच्यात १३१ निर्देशांक आहेत. सिझेरियनचे प्रमाण आहे, प्रसूतीपोटी झालेला खर्च आहे, रक्तक्षय आहे. बाळंतपणानंतर आईला कोणती इजा राहून गेली, याची एकही ओळ नाही.

मोजणीने काय होते, याचा एक नमुना महाराष्ट्रातलाच आहे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढेच समजले जात होते. गावात जाऊन विचारले आणि तपासले, तेव्हा रुग्णालयाच्या नोंदवहीत कधीच न आलेले दुखणे समोर आले. त्या अभ्यासाचे पडसाद जगभरातील स्त्री-आरोग्याच्या धोरणांत उमटले.

काय करता येईल?

सुदैवाने, यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. गडचिरोलीतच विकसित झालेल्या घरपोच नवजात शिशुसेवेच्या धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जातात. संस्थेत प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. भेटींचा मुख्य रोख बाळावर असतो, आणि ते योग्यच आहे. पण अडलेल्या बाळंतपणानंतर लघवी गळू लागते ती बहुधा पहिल्या दहा दिवसांतच. म्हणजे ज्या दिवशी जखम उघडी पडते, त्याच सुमारास सरकारची प्रतिनिधी त्या घराच्या ओसरीवर बसलेली असते. ‘लघवी आपोआप गळते का? शी धरता येते का?’ हे दोन प्रश्न तिच्या नमुन्यात सक्तीने घालणे ही पहिली सुधारणा ठरावी. मूल मृत जन्मले असेल, तर नवजात बाळासाठी आखलेल्या या भेटींचे प्रयोजनच संपल्यासारखे वाटते. आणि फिस्टुलाचा सर्वाधिक धोका असतो तो नेमका याच मातेला. तिच्या घरच्या भेटी चुकणार नाहीत, याची तरतूद स्वतंत्रपणे करावी लागेल. त्या भेटींचे मानधनही आशाला मिळायला हवे.

दुसरी सुधारणा आणखी स्वस्त आहे. लांबलेल्या, अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशयात लघवीची नळी ठेवून ते काही दिवस रिकामे राखले, तर दबलेल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो. भोक पडलेच, पण ते लहान आणि ताजे असेल, तर चार ते सहा आठवडे नळी ठेवल्याने त्यांतील काही जखमा शस्त्रक्रियेविना भरून येतात. ही नळी तालुक्याच्या दवाखान्यातही असते. कमतरता आहे ती ती कोणाला, किती दिवस ठेवायची हे ठरवून देणाऱ्या सूचनेची आणि त्या काळात बाईच्या जेवणाची व सोबतीची सोय करण्याची.

तिसरी गोष्ट शस्त्रक्रियेची. साधा फिस्टुला अनुभवी हातांनी दुरुस्त केला, तर दहापैकी सुमारे नऊ वेळा तो बंद होतो. पहिल्या प्रयत्नात यशाची शक्यता सर्वाधिक असते. फसलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेने पुढची अवघड होते. म्हणून हे काम सर्वत्र थोडे थोडे वाटण्यापेक्षा प्रत्येक मोठ्या राज्यातील दोन-तीन वैद्यकीय महाविद्यालयांकडे सोपवावे. तेथे प्रशिक्षित चमू असावा, भौतिकोपचार व समुपदेशन असावे आणि प्रवासखर्च सरकारने उचलावा. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे पाच लाखांचे विमाकवच रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णाच्या कामी येते; वीस वर्षे घरात बसलेल्या बाईला ते शोधून आणत नाही. भोक बुजल्यावरही काहींना गळतीचा त्रास राहतो, हे लक्षात घेऊन किमान वर्षभराचा पाठपुरावा हवा. पुढचे बाळंतपण ठरवून सिझेरियननेच व्हावे, ही नोंद तिच्या कार्डावर ठळक असावी.

चौथी आणि सर्वांत दूरगामी गोष्ट सुईणींची. केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये सुईणसेवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन प्रसूतितज्ज्ञ सुईणींचा नवा वर्ग तयार करावा, अशी ती कल्पना होती. तेलंगणाने त्याआधीच, २०१७ पासून, असा प्रयोग सुरू केला होता. अशी सुईण कळांचा आलेख ठेवते, बाळ पुढे सरकत नसल्याचे काही तासांत ओळखते, आणि पुढे पाठवण्याचा निर्णय दुसऱ्या दिवसावर ढकलत नाही. मात्र पदे, वेतनश्रेणी आणि निर्णयाचे अधिकार यांशिवाय हे प्रशिक्षण कागदावरचे प्रमाणपत्र ठरेल. प्रसूतिगृहात सुईणीचा शब्द कितपत चालतो, यावर या योजनेचे यश ठरणार आहे. डॉक्टरांच्या संघटनांनीही याकडे अधिकारक्षेत्रातील अतिक्रमण म्हणून पाहू नये. जिथे तज्ज्ञ नाहीतच, तिथे कोणाचा अधिकार कोण हिरावून घेणार?

या सूचनांवर एक आक्षेप येईल. मोजायला सुरुवात केली की आकडे वाढलेले दिसतील, राज्ये बदनाम होतील, म्हणून कोणी खरे लिहिणारच नाही. ही भीती अनाठायी नाही. यावर क्षयरोगाचा अनुभव उपयोगी पडावा. २०१२ साली क्षयरुग्णांची नोंद सक्तीची झाली, तेव्हा खासगी दवाखान्यांत लपलेले रुग्ण हळूहळू समोर आले आणि आकडे फुगले. त्या वाढीला अपयश न मानता शोधमोहिमेची फलनिष्पत्ती मानले गेले, राज्यांना अधिक रुग्ण शोधण्याचे उद्दिष्ट दिले गेले. फिस्टुलाबाबतही पहिली काही वर्षे अधिक रुग्ण शोधणाऱ्या जिल्ह्याची पाठ थोपटावी लागेल. प्रकरण समोर आले म्हणून परिचारिकेला निलंबित करण्याची सवय मोडावी लागेल, कारण त्या सवयीनेच नोंदवह्या स्वच्छ आणि खोट्या होतात.

दुसरा आक्षेप प्राधान्यक्रमाचा. देशासमोर मोठे प्रश्न असताना तुलनेने थोड्या स्त्रियांच्या इजेसाठी एवढे का करावे? याचे उत्तर असे, की फिस्टुला हा एकट्या मूत्राशयाचा आजार नाही. तो झाला याचा अर्थ त्या परिसरात मुलीचे पोषण, लग्नाचे वय, रस्ता, रुग्णवाहिका, परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह यांपैकी अनेक गोष्टी एकाच रात्री कोसळल्या. अशा एकेका प्रकरणाचा प्रामाणिक माग काढला, तर जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेची जी तपासणी होईल ती कोणत्याही मानांकनातून होणार नाही. ज्या उपायांनी ही इजा टळते, त्याच उपायांनी मातामृत्यू, मृतजन्म आणि नवजातांचे मृत्यूही टळतात.

संयुक्त राष्ट्रसंघाने २००३ साली फिस्टुला निर्मूलनाची मोहीम सुरू केली, २०१३ पासून २३ मे हा दिवस त्यासाठी पाळला जातो आणि २०३० पर्यंत ही इजा संपवण्याचे उद्दिष्ट जगापुढे आहे. भारताच्या पुढील कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांच्या तथ्यपत्रिकेत एक ओळ वाढवणे, आशाच्या नमुन्यात दोन प्रश्न घालणे आणि प्रत्येक राज्यात उपचाराचा निश्चित पत्ता जाहीर करणे, एवढे तरी त्याआधी करता येण्याजोगे आहे. त्यासाठी फार मोठ्या तरतुदीची गरज नाही. बाळंतपणातून वाचलेली स्त्री पुढे कशी जगते, हा प्रश्न शासनाच्या कामकाजाचा भाग मानण्याची तयारी मात्र हवी.